मंगळवारची थंड भट्टी

बुक्तरकाकांच्या हातांना कसलाच वास नसे. ना कांद्याचा, ना गुरांचा, ना तंबाखूचा. आमच्या गावात शेतकऱ्याचे हात असे असणं ही नवलाची गोष्ट होती. शनिवारी दुपारनंतर ते म्हशीला शिवत नसत. दूध इस्तिरकाकू काढायच्या आणि रागावून म्हणायच्या की, आठवड्याचे सहा दिवस नवरा असतो, सातव्या दिवशी घरात साधू येऊन राहतो. काका तोवर लिंबानं हात घासत, नखं कापत, आणि संध्याकाळपासून बोलणंही कमी करत. रविवारी पहाटे त्या हातांनी वेदीची भाकर मळायची असे.

आमचं गाव नाईलच्या पश्चिमेला, उसाच्या मळ्यांमधलं. घरं तीनशेच्या आसपास, त्यांतली आम्हा ख्रिस्ती लोकांची साठ, बाकीची मुसलमानांची. चर्च म्हणावं असं काही आमच्याकडे नव्हतं. परवानगीचा अर्ज माझे सासरे तरुण होते तेव्हापासून कुठल्यातरी कचेरीत पडून होता. तनियोसांची विधवा मूलबाळ नसताना गेली, ती जाताना आपलं दोन खोल्यांचं घर प्रार्थनेला ठेवून गेली. पुढच्या खोलीत वेदी, मधे पडदा, मागच्या बाजूला भट्टीची एवढीशी खोली. मोठ्या चर्चमध्ये भाकरीच्या खोलीला बेथलेहेम म्हणतात, म्हणून आम्हीही त्या धुरकट खोपटाला बेथलेहेमच म्हणत असू. माणसं मावत नसत. बायका अंगणात उन्हात उभ्या राहत.

काकांनी ते काम चौतीस वर्षं केलं. पीठ, पाणी, आंबवण, बस्स. मीठ नाही. मळताना तोंडानं स्तोत्रं चालू. गोळे झाले की लाकडी ठसा दाबायचा, मधे मोठा क्रूस, भोवती बारा लहान. मग ठशाच्या कडेनं काडीनं पाच भोकं पाडायची, आरपार. ती भोकं नीट पडली नाहीत तर आतली वाफ कोंडते आणि भाकर तडकते, आणि तडकलेली भाकर वेदीवर चालत नाही. त्याच दिवशी भाजलेली, निखळ, एकही चीर नसलेली अशी हवी. नाहीतर प्रार्थना सुरूच होत नाही.

हे नियम सगळ्यांचे. काकांचा स्वतःचा एक जास्तीचा नियम होता. मनात कुणाबद्दल अढी असेल, किंवा जिभेवर खोटं असेल, तर त्या हातांनी पीठ मळायचं नाही. एका वर्षी पाण्याच्या पाळीवरून सख्ख्या भावाशी त्यांचं वाजलं. शनिवार आला तरी दोघं बोलेनात. रविवारी पहाटे काका तिकडे गेले, झोपेतून उठवून भावाच्या डोक्याचं चुंबन घेतलं, म्हणाले, पाळी तुझी, चल, मला उशीर होतोय. भाऊ पुढे कित्येक वर्षं सांगत असे की मला वाटलं घरात कुणीतरी गेलं.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या झावळ्यांच्या रविवारी उकाडा फार झाला. अंगणातल्या दोन म्हाताऱ्या चक्कर येऊन पडल्या. म्हणून सोमवारी आमच्या पुरुषांनी चार पत्रे आणले, बायकांच्या डोक्यावर सावली करायला. हातगाडीवरून पत्रे गल्लीत आले ते सगळ्यांनी पाहिलं. संध्याकाळपर्यंत बाजारात बातमी झाली की तनियोसच्या घरावर घुमट चढतोय.

मंगळवारी दुपारी जमाव आला. आमची सकाळची प्रार्थना आटोपली होती, घरात फक्त बुक्तरकाका होते, काळी कापडं सारखी करत. ते येशूच्या दुःखसहनाचे दिवस, सगळ्या खांबांना काळं कापड बांधलेलं. काका बाहेर येऊन दारात उभे राहिले, त्यांना कुणीतरी दंडाला धरून बाजूला केलं. मारलं नाही. पडद्याला काडी लावली, मग काळ्या कापडांनी काम सोपं केलं. काकांनी तीन चेहरे ओळखले. तिघेही आमच्याच गल्लीच्या टोकाला राहणारे, लहानाचे मोठे डोळ्यांसमोर झालेले.

शेजारचे हाजी खलफ शेतातला पंप घेऊन धावत आले. त्यांची नि बेथलेहेमची भिंत एकच. त्यांनी पाणी मारलं म्हणून भट्टीची बाजू वाचली. पुढची खोली, वेदी, पडदा, पत्रे, सगळं गेलं.

पोलिस आले तेव्हा त्यांनी समतोल राखला. त्यांची अकरा पोरं उचलली, आमची नऊ. आमच्या पोरांनी काय केलं होतं, हे विचारायला गेलेल्यांना सांगितलं, गाव शांत व्हावं म्हणून. त्या नऊ जणांत माझा नवरा लमई होता. तो त्या दिवशी शेतात गुरांसाठी बरसीम कापत होता, विळ्यासकट नेला. पुनरुत्थानाचा सण आम्ही शेजारच्या गावी ट्रकमध्ये उभं राहून जाऊन केला. घरी परतलो तेव्हा सासूबाईंनी सणाची उकडलेली अंडी तशीच ठेवून दिली, लमई आल्यावर सोलू म्हणाल्या. चौथ्या दिवशी त्यांनीच ती कुत्र्यापुढे टाकली.

काकांनी पोलिसांना तीन नावं सांगितली होती. शपथ घालून विचारलं होतं, त्यामुळे सांगणं भाग होतं, असं ते म्हणत. त्याच जबाबामुळे सगळं अडलं होतं.

महिन्याभरानं गावच्या मुखियांनी, हाजी मुतवल्लींनी, समेटाची बैठक बोलावली. आमच्याकडे असंच होतं. कचेरीत वर्षानुवर्षं चालतं ते चटईवर एका दुपारी मिटवतात, आणि सरकारलाही तेच बरं वाटतं. मुतवल्लींच्या अंगणात पुरुष बसले, आम्ही बायका भिंतीपलीकडच्या ओट्यावर. चहा फिरला. मग मुतवल्लींच्या पुतण्यानं कागद वाचला. दोन्हीकडची पोरं सुटतील. कुणाची कुणाविरुद्ध तक्रार नाही. त्याच घरात पूर्वीसारखी प्रार्थना होईल, घुमट नाही, घंटा नाही. आणि सगळ्यांत वर लिहिलं होतं की सदर आग वेदीच्या भाकरीच्या भट्टीतून निखारा उडाल्यानं लागली, आणि हे भट्टी सांभाळणारे बुक्तर स्वतः मान्य करतात.

 मग काका म्हणाले, "मंगळवारी भट्टी पेटलेली नव्हती."

मुतवल्ली म्हणाले, "असेल थोडी धग."

"त्या आठवड्यात सोमवार, मंगळवार, बुधवार नुसती प्रार्थना, आमच्याकडे भाकर होतच नाही. रविवारीच मी राख काढून ठेवली. गुरुवारपर्यंत त्या भट्टीत मांजर झोपतं."

"बुक्तर, हे तुम्हाला माहीत. कागदाला काय माहीत?"

आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पाच वर्षांच्या पोरालाही माहीत होतं. लिहिणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं, म्हणूनच त्यानं मंगळवारच्या आगीचा आळ भट्टीवर घातला होता. काकांनी मग विचारलं की, तक्रार मागे घेतो, ज्यांनी केलं त्यांना माफ केलं असं लिहून देतो, ते चालेल का. ते मनापासून विचारत होते. मुतवल्लींनी मान हलवली.

"माफ केलं असं लिहिलं की काहीतरी केलं होतं असं होतं. ते नको."

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "भाकरीत मीठ घालत नाही ते ठीक, बोलण्यात तरी घाल जरा, काका." थोडे हसले. आमच्यातलेही एकदोघे हसले, लाजून. काका हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत.

आमचे धर्मगुरू अबूना सिदराक त्यांना लिंबाच्या झाडाखाली घेऊन गेले. ते झाड आमच्या ओट्याला लागूनच होतं, त्यामुळे ऐकू आलं. अबूना तेव्हा चाळिशीचेही नव्हते. बैठकीच्या आदल्या आठवड्यात नऊ जणांच्या आया रोज त्यांच्या उंबऱ्यावर येऊन बसत होत्या. बोलत काही नसत, नुसत्या बसत. माझ्या सासूबाई त्यांतल्या एक. मीही दोनदा गेले होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

अबूना म्हणाले, आतल्या पोरांतल्या एकाला ताप आहे. म्हणाले, प्रार्थनेला घर मिळतंय, परत मिळेल न मिळेल. काका खाली बघत ऐकत राहिले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"अबूना, तुम्ही सांगताय का मला, सही कर म्हणून? आडून नको. सांगताय का?"

 मी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनी पदर तोंडात धरला होता.

"सांगतो," अबूना म्हणाले.

काका परत चटईवर गेले, सही केली, आणि चहाला तोंड न लावता पेला तसाच भरलेला ठेवून उठले.

तिसऱ्या दिवशी पोरं सुटली. लमई दारात आला तेव्हा मी आधी त्याला ओळखलं नाही, त्याच्या बापाला कुणी आणलंय असं वाटलं. डोक्यात उवा, अंगावर पुरळ. गल्लीत बायकांनी आनंदाचे आवाज काढले, मीही काढले, घसा बसेपर्यंत. बुक्तरकाकांच्या घरावरून मिरवणूक गेली तेव्हा इस्तिरकाकू दारात येऊन सगळ्यांना भेटल्या. काका आत होते. लमई आत जाऊन पाया पडायला बघत होता, तर त्यांनी त्याला उभा केला, गालावरून हात फिरवला, आणि म्हणाले, आधी नीट अंघोळ कर.

शनिवारी इस्तिरकाकू अबूनांकडे गेल्या. पदराखाली कापडात गुंडाळलेला लाकडी ठसा होता. निरोप एवढाच होता की, बुक्तर म्हणाले, आता माझ्या हातानं हे पीठ मळलं जायचं नाही. अबूना धावत त्यांच्याकडे गेले. पापनिवेदन करा, मी क्षमा सांगतो, असं म्हणाले. काका म्हणाले की, पापनिवेदन करायचं म्हणजे ते पाप पुन्हा करणार नाही असं ठरवायचं. मला कुणी उद्या विचारलं तर मला तेच खोटं पुन्हा सांगावं लागेल, नाहीतर पोरं पुन्हा आत जातील. मग कसली क्षमा मागू? अबूना उठून घरी आले. हे सगळं काकूंनी आम्हाला सांगितलं, आणि सांगताना भांडी इतकी जोरात घासली की एकाचा कान निघाला.

दुसरा कुणी भाकर करणारा गावात नव्हता. अबूनांना वाटलं आपण करू. दीक्षेनंतरचे चाळीस दिवस ते मठात होते, तिथे त्यांनी पाहिलं होतं. पाहणं आणि करणं यात काय अंतर असतं हे आम्हा बायकांना विचारायचं तर विचारलं नाही.

तो रविवार म्हणजे आगीनंतरची तनियोसांच्या घरातली पहिली प्रार्थना. भिंती काळ्याच होत्या, वेदीच्या जागी सुताराचं साधं लाकडी मेज ठेवलं होतं. सगळे आले. ती नऊ पोरं धुतलेल्या पांढऱ्या झग्यांत पुढे उभी होती. सणाच्या दिवशीही त्यांना वेदीची भाकर मिळाली नव्हती, म्हणून सगळ्यांचा डोळा त्यांच्यावर. आम्ही आदल्या रात्रीपासून उपाशी, पाणीसुद्धा नाही. स्तोत्रं संपली, परत म्हटली, परत संपली. मागून जळक्या पिठाचा वास येऊ लागला.

अबूना टोपली घेऊन बाहेर आले. नऊ भाकऱ्या होत्या. त्यांनी पहिली उचलली, उलटी केली, खाली ठेवली. दुसरी. तिसरी. सगळ्या तडकल्या होत्या, क्रूसाच्या मधोमध, काही तर पार दुभंगलेल्या. भट्टी फार तापली होती आणि भोकं आरपार गेली नव्हती. नववी त्यांनी हातात बराच वेळ धरली. त्यांच्या बाहीला पीठ लागलं होतं, मनगट भाजलं होतं. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर थोडं हसूही.

मग ते म्हणाले, "यांतली एकही चालत नाही." आणि टोपली मेजावर ठेवून, डोक्यावरची काळी टोपी सारखी करून, सरळ दारातून बाहेर गेले.

कुठे ते कुणाला सांगावं लागलं नाही. आम्ही मागे निघालो. आधी बायका, मग पोरं, मग सगळे. गल्ली भरली. काका आपल्या ओट्यावर बसले होते, स्वच्छ झगा घालून, प्रार्थनेला येणार असल्यासारखे, पण बसलेले. शेजाऱ्याच्या ओट्यावर हाजी खलफ चहा पीत बसले होते.

अबूना काकांपुढे गुडघ्यांवर बसले आणि कपाळ जमिनीला टेकवलं. धर्मगुरूनं असं केलेलं आमच्यात कुणी पाहिलं नव्हतं. काका घाईनं उठायला गेले तर झग्यात पाय अडकून अडखळले.

"उठा अबूना, हे काय करताय?"

"सही तुमची, शब्द माझा होता," अबूना खालूनच म्हणाले. "तुमचे हात बंद असतील तर मी माझे वेदीवर कसे उचलू? मी तुम्हाला खोटं सांगायला लावलं आणि स्वतः आज पांढरे कपडे घालून उभा राहिलो."

"पोरं घरी आली ना?"

"आली. आणि उपाशी उभी आहेत."

काकांनी आमच्याकडे पाहिलं, एकेक चेहरा. मग हळू आवाजात म्हणाले, "मला माफी नकोय, अबूना. मला राहून राहून एकच वाटतं. ही लहान लहान पोरं आहेत. उद्या मोठी होतील, कागद वाचतील, आणि म्हणतील, आपलं प्रार्थनेचं घर आपल्याच भाकरीनं जाळलं. माणसांवरचा आळ मी स्वतःवर घेतला असता. मी तो भाकरीवर घातला."

तेव्हा कळलं की त्यांना काय खात होतं. आम्ही सगळे समजत होतो, काकांना आपल्या नावाचं वाईट वाटतंय.

अबूना उठले. त्यांनी गल्लीकडे तोंड केलं. ती गल्ली फक्त आमची नव्हती. खिडक्या उघड्या होत्या, खाटेवर माणसं होती, त्या तिघांतल्या एकाचा बाप पलीकडे दाढी करून घेत बसला होता. लमईनं माझा हात धरला, कारण आता काय होणार ते त्यालाही कळलं. पुन्हा तो विळ्यासकट जाईल असं माझ्या मनात आलं. मी अबूनांना थांबवू शकले असते. नुसतं रडले असते तरी ते थांबले असते. मी रडले नाही.

"त्या मंगळवारी भट्टी थंड होती," अबूना म्हणाले. मोठ्यानं नाही, पण प्रार्थनेत म्हणतात तसं, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं. "कागदावर सही मीच करायला लावली. बुक्तर खोटं बोलले ते माझ्या सांगण्यावरून."

न्हाव्याचा वस्तरा थांबला. हाजी खलफांनी पेला खाली ठेवला.

"भिंत माझी आहे," ते म्हणाले. ते अबूनांकडे बघत नव्हते, काकांकडेही नाही, आपल्या पायांकडे बघत होते. "भट्टी पेटली की माझ्या कोठीची भिंत तापते. रविवारी सकाळी माझी सून तिथे कपडे वाळवते. त्या दिवशी पाणी मारताना मी हात ठेवला होता. गार होती." मग म्हणाले, "बैठकीत मी बोललो नाही. मला पाच नातवंडं आहेत. इथे बोललो."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग इस्तिरकाकूंना म्हणाले, "लिंबू आण."

ओट्यावरच त्यांनी हात घासले, कोपरापर्यंत. पुष्कळ वेळ लागला, आणि आम्ही सगळे बघत उभे. ठसा अबूनांनी स्वतःच्या झग्याच्या खिशातून काढून दिला. मग काका पुढे आणि आम्ही मागे, असे परत त्या काळ्या घरात आलो.

पीठ मळून आंबायला दोन तास लागतात. ऊन चढलं होतं, पत्रे नव्हते. अबूनांनी सांगितलं की ज्यांना घरी जायचं त्यांनी जावं, म्हाताऱ्यांनी आणि लेकुरवाळ्यांनी पाणी प्यावं, पाप नाही. कुणी गेलं नाही, कुणी पाणी प्यायलं नाही. आतून काकांचा स्तोत्र म्हणण्याचा आवाज येत होता, आणि त्यांना एखादी ओळ आठवायला वेळ लागला की बाहेरून नऊ जणांच्या आया ती पुढे म्हणत. माझ्या सासूबाईंना वाचता येत नाही, पण त्या दिवशी त्या एकदाही चुकल्या नाहीत.

मुतवल्लींपर्यंत सगळं पोचणार होतंच, आणि दुपारपर्यंत पोचलंही. त्यांनी निरोप पाठवला की कागद कागदाच्या जागी आहे, तुम्ही गल्लीत काय बोललात ते मला ऐकू आलं नाही, आणि पुन्हा ऐकू येऊ नये. त्यानंतर कितीतरी दिवस गाडीचा आवाज आला की आम्ही आमची पोरं मागच्या दारानं उसात पाठवत होतो. कुणी आलं नाही. पण ते त्या सकाळी आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि अबूनांनाही नव्हतं.

साडेअकराच्या सुमारास काका टोपली घेऊन आले. या वेळी सात भाकऱ्या. अबूनांनी एकेक उचलली, पालथी केली, कडेवरून अंगठा फिरवला, आणि मधली एक निवडली. मग रेशमी रुमालात गुंडाळून डोक्यावर धरून वेदीभोवती फिरवली, तसं करताना त्यांचं भाजलेलं मनगट सगळ्यांना दिसलं.

भाकर घ्यायची वेळ आली तेव्हा ती नऊ पोरं आधी गेली. काका नेहमी सगळ्यांच्या आधी जात, भाकर करणाऱ्याचा तो मान. त्या दिवशी ते लमईच्या मागे, दहावे उभे राहिले, भाकर घेताना सगळे धरतात तसा तोंडावर रुमाल धरून, अनवाणी.